काशीहून गडू यायचा, न्यूरेंबर्गहून काय आणू?

प्रश्न (थोडक्यात, ओळख पटेल असा तपशील गाळून): सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेचं हे पत्र. मुलगा आणि सून नोकरीसाठी जर्मनीत, न्यूरेंबर्ग शहरात असतात. त्या आणि त्यांचे यजमान सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदाच परदेशी निघालेत आणि डिसेंबरच्या सुरुवातीला परत येणार आहेत. येताना कुणाकुणाला काय आणायचं याची बेचाळीस नावांची यादी तयार आहे आणि यजमानांनी त्यासाठी तीस हजार रुपये काढून ठेवलेत. मुलगा म्हणतो, “पैसे मी देतो, तू काळजी करू नकोस.” त्याचाही संकोच वाटतो. दोन वर्षांपूर्वी जाऊबाई अमेरिकेहून आल्या, तेव्हा कुणाला सेंट मिळालं आणि कुणाला नुसती चॉकलेटं, याची चर्चा घरात वर्षभर चालली. तसं आपल्याबाबतीत व्हायला नको आणि चॉकलेटंही नकोत. शिवाय नातीला सांभाळायला मदत करणाऱ्या शेजारच्या जर्मन आजींसाठी काहीतरी न्यायचंय. “पण आपल्या सांगलीत तसं नेण्यासारखं आहे तरी काय?” असा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

प्रिय बाई,

शाळेतल्या शिक्षिकेला दुसरं काही म्हणणं माझ्या जिभेला जमत नाही, म्हणून ताई न म्हणता बाईच म्हणते.

तुमची यादी मी दोनदा वाचली. प्रत्येक नावापुढे रुपयांचा आकडा आहे. माणसाबद्दलचा शब्द फक्त पाचच नावांपुढे आहे. दिरांपुढे ‘मिरज रेल्वेतून निवृत्त’, तासगावच्या धाकट्या बहिणीपुढे ‘शिवणकाम’, भाच्यापुढे ‘चित्रकला डिप्लोमा’, एका ओळीत ‘आपली शाळा, चौथीची मुलं’, आणि अगदी तळाशी ‘मावशी, झाडांना पाणी घालणार’. बाकीच्या नावांशी तुम्ही अडखळलात आणि या पाचांपाशी नाही, हे मला फार बोलकं वाटलं.

तीस हजारांना बेचाळिसांनी भागलं, तर माणशी सातशे चौदा रुपये येतात. तुम्ही तसंच केलंय. कुणाला हजार, कुणाला पाचशे, पण हिशोब तोच. सगळ्यांना वस्तूच हवी आहे आणि सारख्या किमतीची वस्तू दिली की न्याय होतो, असं त्यामागे धरलेलं आहे. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटत नाहीत. जाऊबाईंच्या वेळी चर्चा झाली, ती कमी-जास्त दिल्यामुळे झाली असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते वाटप आणि भेट एकाच पिशवीतून निघाली, म्हणून ती झाली.

माझ्या लहानपणी साताऱ्यात आमच्या आळीतलं कुणी काशीला जाऊन आलं की घरी मावंदं व्हायचं. तोंड झाळून बंद केलेला गंगेचा तांब्याचा गडू देवापुढे ठेवायचे, पूजा व्हायची, पंगत बसायची. निघताना प्रत्येकाच्या हाती काशीचा काळा गंडा आणि चमचाभर तीर्थ. पंढरपूरहून आलेला माणूस आजही चुरमुरे, बत्तासे आणि बुक्का आणतो. ते सगळ्यांना सारखं मिळतं. त्याची किंमत कुणी विचारत नाही आणि ‘मला एवढंच का’ असंही कुणी म्हणत नाही. लांबून आलेल्या माणसाने तिथलं थोडंसं सगळ्यांच्या तळहातावर ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ. भेट वेगळी. ती एका माणसासाठी, त्याला डोळ्यांसमोर आणून घेतलेली असते. आपल्याकडे या दोन गोष्टी स्पष्ट वेगळ्या होत्या. विमानप्रवास सुरू झाला आणि आपण त्यांची सरमिसळ केली.

तेव्हा माझा सल्ला असा, की यादी दोन कागदांवर उतरवा. एकावर पस्तीस-छत्तीस नावं, वाटपाची. दुसऱ्यावर पाच, फार तर सात, भेटीची.

वाटपासाठी मी सुचवेन तिथला फळांचा चहा. जर्मनीत साध्या किराणा दुकानातही त्याची फळीच्या फळी भरलेली असते. वाळवलेली सफरचंदं, रानगुलाबाची फळं आणि लाल अंबाडीची बोंडं यांचं ते मिश्रण असतं. वजनाला हलका, फुटत नाही, वितळत नाही आणि बऱ्याच प्रकारांत प्रत्येक पुडी वेगळ्या कागदी पाकिटात येते. चार-चार पुड्या एका लिफाफ्यात घालून वर तुमच्या हस्ताक्षरात एक ओळ लिहिलीत की झालं. आपल्या लोकांना बिनदुधाचा आंबट चहा रुचेल का, अशी शंका तुम्हाला येईल, मलाही आली. म्हणून तो घरोघरी नुसता पोचवू नका. परत आल्यावर एका रविवारी सगळ्यांना बोलवा, तुमच्या हाताने तो उकळून द्या, सोबत भडंग ठेवा, फोटो दाखवा आणि निघताना लिफाफा द्या. हे तुमचं मावंदंच. बेचाळीस जण एकाच वेळी, एकाच घरी, एकच गोष्ट घेऊन गेले की तुलनेला जागा कुठे उरते?

चॉकलेटं नकोत म्हणालात, ते मला आणखी एका कारणासाठी पटतं. सांगलीत जैन घरं खूप. तुमच्याही यादीत तीन-चार आहेत असं आडनावांवरून वाटतं. जर्मनीतल्या रंगीत, रबरासारख्या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन असतं आणि ते डुकराचं असू शकतं. काही चॉकलेटांच्या पोटात मद्य असतं. न्यूरेंबर्गचं सगळ्यात प्रसिद्ध खाणं म्हणजे लेबकूखन, मसाल्याची एक मऊसर गोल बिस्किटवडी. तिच्या उंची प्रकारात अंड्याचा पांढरा भाग असतो. पाकिटावर आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो, म्हणून सुनेला शेजारी उभं करून घटक वाचून घ्या. प्रेमाने दिलेला खाऊ कुणाच्या घरी व्रतभंग करून बसला, तर ते दुःख फार दिवस राहतं.

आता भेटी. इथे जरा रेंगाळते, कारण तुम्ही ज्या शहराला निघालात त्याच्या पोटात तुमच्या पाच माणसांसाठी काय काय आहे, हे पाहून मलाच भरून आलं.

दीर मिरज जंक्शनवर आयुष्य काढून निवृत्त झाले. जर्मनीतली पहिली आगगाडी ७ डिसेंबर १८३५ रोजी न्यूरेंबर्गहून शेजारच्या फ्यूर्टला गेली. अंतर जेमतेम सहा किलोमीटर, इंजिनाचं नाव ‘आडलर’ म्हणजे गरुड. आपल्याकडची बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची, म्हणजे त्यानंतर अठरा वर्षांनी. न्यूरेंबर्गमध्ये रेल्वेचं मोठं संग्रहालय आहे. तिथून आडलर इंजिनाचं एक चित्रकार्ड घ्या आणि मागे तारीख लिहा. शिवाय जर्मनीतली पहिली चालकाविना धावणारी भुयारी गाडी २००८ साली याच शहरात सुरू झाली. तुमचे यजमान तिच्या पुढच्या काचेशी उभे आहेत, असा एक फोटो त्या कार्डाबरोबर द्या. मग बघा, दोघे भाऊ त्यावर किती संध्याकाळी बोलतात ते.

हे मी अनुभवातून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी लेकीकडे लंडनला गेले होते. थोरल्या वहिनींसाठी विमानतळावर महागातलं सेंट घेतलं आणि घराशेजारच्या काकांसाठी काहीच सुचलं नाही. ते एसटीचे चालक होते, आयुष्यभर सातारा आगारात. शेवटच्या दिवशी तिथल्या बसमार्गांचा फुकट मिळणारा घडीचा नकाशा पिशवीत टाकला. काकांनी तो भिंतीवर लावला. येईल त्याला बोट ठेवून ते मार्ग समजावून सांगत. वहिनींना दम्याचा त्रास होता, वासाने तो वाढायचा. मला ते पक्कं माहीत होतं. दुकानात उभी असताना मी किंमत पाहिली आणि वहिनी माझ्या डोळ्यांसमोर आल्याच नाहीत. ती बाटली त्यांच्या कपाटात तशीच राहिली. त्या गेल्यावर आवराआवर करताना मी ती न उघडलेली पाहिली.

तासगावच्या बहिणीसाठी कात्री. झोलिंगेन या जर्मन गावाचं नाव चाकू-कात्र्यांसाठी इतकं मोठं, की ते कुणीही वाटेल तसं पात्यावर कोरू नये म्हणून १९३८ सालीच कायद्याने राखून ठेवलं गेलं. कापड कापायची एक चांगली कात्री घ्या, पात्यावर ते नाव आहे ना ते बघा. बहिणीला फोन करून तिच्या हातातल्या कात्रीची लांबी विचारून ठेवा. पंजाला जड झालेली कात्री कितीही भारी असली तरी ती वापरणार नाही. धारदार वस्तू दिली तर नातं तुटतं, असं कुणी म्हणालं, तर बहिणीकडून एक रुपया घ्या. जर्मन लोकांमध्येही चाकू भेट दिला तर बदल्यात एक नाणं घ्यायची पद्धत आहे. आणि कात्री सामानाच्या मोठ्या बॅगेतच ठेवा, हातातल्या पिशवीत नको.

चौथीच्या मुलांसाठी पेन्सिली. न्यूरेंबर्ग हा पेन्सिलींचा मुलूख आहे. शहराला लागून असलेल्या श्टाइन गावात १७६१ पासून फेबर-कास्टेलच्या पेन्सिली बनतात आणि स्टेडलरचा कारखाना न्यूरेंबर्गात १८३५ साली सुरू झाला, म्हणजे ज्या वर्षी गाडी धावली त्याच वर्षी! ही दोन्ही नावं सांगलीतल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात हे मला माहीत आहे, मुलांनाही माहीत असेल. म्हणूनच ही भेट चांगली. रोजच्या कंपासपेटीतली पेन्सिल एका खऱ्या गावातल्या कंपनीची आहे आणि आपल्या बाई त्या गावात जाऊन आल्या, हे तुम्ही फळ्यावर नकाशा काढून सांगाल तेव्हा तो तास मुलं विसरणार नाहीत.

भाच्यासाठी आल्ब्रेख्त ड्यूररचं घर. हा थोर चित्रकार न्यूरेंबर्गचा, त्याचं घर आता संग्रहालय आहे. त्याने १५०२ साली काढलेला ससा प्रसिद्ध आहे, लव न् लव मोजून घ्यावी असा. मूळ चित्र व्हिएन्नात आहे, पण त्याची छापील प्रत न्यूरेंबर्गात सहज मिळेल. गुंडाळी करून नळकांड्यात आणा, घडी घालू नका.

राहिल्या मावशी. बाई, तुमच्या यादीत त्या शेवटी आहेत आणि त्यांच्यापुढे दोनशे रुपये लिहिलेत. बारा आठवडे तुमचं घर, तुमची तुळस त्यांच्या हाती असणार आहे. मी त्यांना दुसऱ्या कागदावर सगळ्यात वर ठेवते. तिथून काय आणायचं हे मी सांगणार नाही. त्यांना सरळ विचारा. गरम मोजे, चांगली छत्री, नातवासाठी कंपासपेटी, त्या जे सांगतील ते. विचारल्याने भेटीची गंमत जाते असं आपण मानतो, पण ज्यांना आजवर कुणी विचारलंच नाही त्यांच्यासाठी विचारणं हीच निम्मी भेट असते.

काही घेण्याआधी वस्तू उलटी करून कुठे बनली ते वाचा. पर्यटकांच्या दुकानातलं पुष्कळसं सामान त्या शहरात बनलेलंच नसतं. न्यूरेंबर्गचं स्वतःचं असं काही हवं असेल, तर वाळवलेल्या आलुबुखारांचे हातपाय जोडून केलेली बाहुली मिळते. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथला नाताळबाजार भरतो, तिथे ती दिसेल. तुमच्या तारखांत ते बसतंय. ती खायची नसते, मांडून ठेवायची. फुलांचे कंद, बिया किंवा रोपं मात्र आणू नका. परवान्याशिवाय ती भारतात आणता येत नाहीत.

पैशांचं थोडक्यात सांगते. वाटप तुमच्या तीस हजारांतून करा, त्यात ते सहज बसेल. मुलाला एकच भेट घेऊ द्या, बहुधा कात्री, कारण तीच जरा महाग असेल. तासगावची तुमची बहीण त्याची सख्खी मावशीच आहे. एका बिलात पन्नास युरोंहून जास्त खरेदी झाली, तर युरोपाबाहेर राहणाऱ्या पर्यटकाला तिथला विक्रीकर काही अंशी परत मिळतो. त्यासाठी बिल आणि दुकानातून मिळणारा अर्ज तुमच्या नावावर, तुमच्या पासपोर्टवर हवा, मुलाच्या नाही. वस्तू न वापरता ठेवायची आणि परतताना विमानतळावर सीमाशुल्काचा शिक्का घ्यायचा. भारतात किती किमतीपर्यंतचं सामान करमुक्त आणता येतं, ते निघण्याआधी मुलाला सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर बघायला सांगा. ती मर्यादा बदलत असते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तो वाचून मला खरंच वाईट वाटलं. आपल्या सांगलीत आहे तरी काय?

बाई, न्यूरेंबर्गचं ते लेबकूखन तिथेच का जन्मलं, ठाऊक आहे? मध्ययुगात ते मसाल्याच्या व्यापाराचं मोठं शहर होतं. पूर्वेकडचे मसाले व्हेनिसमार्गे तिथे पोचत आणि शहराभोवतीच्या जंगलात मध मुबलक होता. मसाला आणि मध, यावर ते शहर गोड झालं. आणि तुम्ही राहता ते गाव हळदीचं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याआधीच, २०१६ साली. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं हळद साठवत. २००५ च्या महापुराने त्यातली बरीच पेवं गेली. आमच्या सातारा जिल्ह्यातलं महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव ठरलं. न्यूरेंबर्गच्या आजींच्या स्वयंपाकघरात सांगलीची हळद आणि महाबळेश्वरचा मध पोचणं, याहून नेमकी भेट मला तरी सुचत नाही. सोबत तासगावचे बेदाणे द्या, त्यांच्या नाताळच्या केकात पडतील. हे सगळं खणाच्या कापडाच्या पिशवीत घाला. ती पिशवी बहिणीकडून शिवून घ्या. पेवांची गोष्ट चार ओळींत लिहा, मुलगा जर्मन करून देईल. मिरजेची सतार आणि तंबोरा यांनाही २०२४ मध्ये मानांकन मिळालंय. वाद्य नेणं शक्य नाही, पण सतारमेकरांच्या गल्लीत एक दुपार घालवून भोपळ्याला आकार देणाऱ्या हातांचा छोटा व्हिडिओ काढून न्या.

नेताना काही गोष्टी मात्र सांभाळा. कंदी पेढे, बर्फी, खवा, तूप युरोपीय संघाच्या देशांत प्रवाशाला नेता येत नाही. दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ तिथे अडवतात. साताऱ्याची असून मी हे जड मनाने लिहिते आहे. मध दोन किलोपर्यंत चालतो, पण तो मोठ्या बॅगेत, घट्ट झाकणाच्या बरणीत, छापील लेबलासह. हळदही सीलबंद, लेबल असलेलीच. कढीपत्ता, विड्याची पानं, ताजी फळं, फुलं नकोत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊ देत नाहीत. त्यातल्या तेलामुळे पेट घ्यायची भीती असते. दुबईमार्गे जात असाल, तर अनारशांवरची खसखस घरीच राहू द्या. तिथे खसखस बाळगणं गुन्हा आहे, आणि असा प्रसंग परक्या विमानतळावर ओढवायला नको.

सासूबाईंची पितळी समई मुलाच्या घरी लावायची तुमची इच्छा मला समजते. पण ती ‘पणजीच्या वेळची’ असं तुम्ही लिहिलंय. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार आपल्याला देशाबाहेर नेता येत नाहीत. वयाची खात्री नसेल, तर ती सांगलीतच तेवत राहू द्या आणि मुलासाठी नवी घ्या. ती त्याच्या नातवंडांच्या वेळी जुनी होईल.

आजींकडे जाताना आणखी दोन गोष्टी. फुलं न्यायची झाली तर शेवंती नको. आपल्याकडे ती देवाला, तिथे ती थडग्यांवर वाहतात, आणि १ नोव्हेंबरला तुम्ही तिथेच आहात. त्या दिवसाच्या आसपास दफनभूमीत तुम्हाला ती दिसेलच. दुसरं म्हणजे, भेट हाती दिली की त्या तुमच्यासमोरच ती उघडतील. आपण ती बाजूला ठेवतो, ते उघडून बघतात. तीच त्यांची आदर दाखवायची रीत. तेव्हा घाबरून ‘अहो, काही विशेष नाही’ असं म्हणू नका. हळदीची पुडी स्वतः उचला, वास द्या आणि हरिपूरचं सांगा.

आणि मुलाला आजच फोन करून त्या आजींचं नाव विचारून घ्या. तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. पिशवी शिवायला टाकण्याआधी ते कळलं, तर बहीण कडेला देवनागरीत भरून देईल.